मोंताल्चिनो : द्राक्षमळ्यांतली पायवाट, न आलेली बस आणि आमची आई

पायपीट

इटलीतल्या टस्कनीला जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. पिसाचा मनोरा पाहिला का, आणि गाडी कुठून भाड्याने घेतली. आम्ही मनोरा पाहिला नाही आणि गाडीही घेतली नाही. मी, नवरा आणि नाशिकहून आलेली आई (वय ६७, दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारी) असे तिघं सहा दिवस टस्कनीच्या वाल दोर्चा या खोऱ्यात चाललो. इथे या भागावर मराठीत फारसं काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

मुक्काम मोंताल्चिनोला. सिएनाच्या दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटरवर, साडेपाचशे मीटरहून थोड्या जास्त उंचीवर डोंगराच्या माथ्यावर बसलेलं गाव. भोवती तटबंदी आणि एका टोकाला १३६१ सालचा पंचकोनी किल्ला. खाली चारी बाजूंनी द्राक्षाच्या ओळी. ही ब्रुनेल्लो वाइनची पंढरी, त्यामुळे गल्लीत दर तिसरं दुकान बाटल्यांचं. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "इथे कोणी भाजी विकत नाही का गं?"

सगळ्यात सुंदर वाट सांतांतिमोच्या मठाची. गावातून निघायचं, आधी थोडा चढ, मग ओकच्या झाडीतून विला आ तोल्ली नावाची चार घरांची वाडी लागते, आणि तिथून वाट मळ्यांमधून उतरत जाते. दहाएक किलोमीटर. आम्हाला साडेतीन तास लागले, कारण आई प्रत्येक वेलीपाशी थांबत होती. खुणा म्हणजे दगडावर, झाडावर, विजेच्या खांबावर लाल-पांढरे पट्टे. इटलीच्या गिर्यारोहण क्लबची ती पद्धत आहे. पट्टे दिसेनासे झाले की शंभर पावलं मागे यायचं, पुढे जाऊन शोधायचं नाही. एका फाट्यावर आम्ही उलट केलं आणि कुणाच्या तरी ऑलिव्हच्या बागेत निघालो.

शेवटच्या वळणावर एकदम खाली मठ दिसतो. शेताच्या मधोमध, आजूबाजूला काही नाही, घंटाघराला चिकटून जवळजवळ तेवढंच उंच सुरूचं झाड. सम्राट शार्लमेनने ७८१ साली हा मठ स्थापला अशी दंतकथा आहे, पण आजचं देऊळ बाराव्या शतकातलं. (देऊळच लिहिते, आईच्या तोंडचा शब्द आहे.) आत शिरलात की उजवीकडच्या एका खांबाचा माथा बघा. सिंहांच्या विवरात उभा असलेला बायबलमधला डॅनियल कोरलाय, हात जोडून, आणि दोन्ही बाजूंना सिंह दुसऱ्याच माणसांना फाडतायत. वेदीच्या मागच्या बाजूला काही दगड ऑनिक्सच्या जातीचे आहेत. ऊन पडलं की ते मधाच्या रंगाचे होतात, दगडाच्या आत दिवा लावल्यासारखे. आम्ही तिथे पाऊण तास काही न बोलता बसलो. आमच्या घरात हे सहसा होत नाही.

आता फजिती. परतीची बस वरच्या कास्तेलनुओवो देल्लाबाते गावातून मिळते, मठापासून पंधरा-वीस मिनिटांचा चढ. वेळापत्रक मी आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घेतलं होतं. थांब्यावर पाऊण तास उभे राहिलो. बस नाही. शेवटी बाकावर बसलेल्या आजीबाईंनी बोट दाखवून कॅलेंडरच्या खुणा केल्या. तारीख होती २ जून, म्हणजे इटलीचा प्रजासत्ताक दिन.

वेळापत्रकात प्रत्येक बसखाली बारीक अक्षरात एक शब्द असतो. फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, त्यात शनिवारही आला. फेस्तीवो म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. स्कोलास्तिको म्हणजे फक्त शाळा चालू असेल त्या दिवशी. दुपारच्या बऱ्याच बस या तिसऱ्या जातीच्या, पोरांना घरी सोडणाऱ्या. हे तीन शब्द पाठ करूनच निघा.

डांबरी रस्त्याने चालत निघालो. दोन किलोमीटरवर मागून ओळखीचा आवाज आला. फटफटफट. मालवाहू आपे! तीच, तीनचाकी. चालवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी आईला शेजारी बसवलं आणि आम्हाला मागे हौद्यात, रिकाम्या क्रेटांवर. कायद्यात बसतं का ते विचारू नका. आई नंतर सांगत होती, "वीस मिनिटं बोलत होते, मीही बोलत होते." कुठल्या भाषेत? तर ते इटालियन आणि ही मराठी.

---

खवचट खविस

जळजळ झाल्या गेली आहे. मुख्य प्रश्न टाळलात. आईंनी ब्रुनेल्लो घेतली की नाही?

---

पायपीट

एक घोट घेतला. "अडुळशाच्या काढ्यासारखी आहे, पण काढा स्वस्त पडतो," असा अभिप्राय मिळाला.

---

सह्यभटक्या

लेख छान. पण याला ट्रेक म्हणवत नाही हो. पाचशे मीटरवरून तीनशेवर उतरायचं, तेही मळ्यांतून. आम्ही एका दिवसात हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने करतो. कुटुंबाला फिरवायला बरंय.

---

पायपीट

सह्यभटक्या, ट्रेक मी कुठेच म्हटलेलं नाही, चालणं म्हटलंय. नळीच्या वाटेने मीही गेलेय (२०११, पुन्हा जाणार नाही). तिथला धोका वेगळा, हा वेगळा. इथे हात टेकवून चढायचं काही नाही, पण पांढऱ्या कच्च्या रस्त्यावर सलग दोन तास सावलीचा पत्ता नसतो. जूनमध्ये अकरानंतर ती पांढरी धूळ खालून भाजते आणि सूर्य वरून. ओढे उन्हाळ्यात कोरडे, टपरी नाही, ताकवाल्या मावशी नाहीत. सान क्वीरिको गावाच्या वाटेवर डोंगरदऱ्यांत मुरलेला एक जर्मन तरुण पाणी संपून रस्त्याकडेला बसलेला आम्हीच पाहिला. सोपी वाट म्हणून तो अर्धा लिटर घेऊन निघाला होता. माणशी दोन लिटर, आणि सकाळी सातला बाहेर. बाकी गुडघे तुमचेच.

---

अर्नोकाठी

फ्लॉरेन्सला अकरा वर्षं आहे, त्यामुळे थोडी भर.

पाण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट कुत्री. मेंढ्यांच्या कळपाबरोबर पांढरी, दांडगी, केसाळ मारेम्मा जातीची कुत्री असतात. ती पाळीव वाटतात, जवळ बोलवाविशी वाटतात. बोलवू नका. ती लांडग्यांशी भांडायला वाढवलेली आहेत आणि लांडगे इथे खरोखर आहेत. कळप आणि कुत्रा यांच्या मधून कधीही जायचं नाही. कुत्रं भुंकत आलं तर थांबा, काठी उगारू नका, पळू तर अजिबात नका, हळूहळू आल्या वाटेने मागे सरका आणि शेतातून मोठा वळसा घ्या. एकदा पिएन्झा गावाच्या खाली मी चाळीस मिनिटांचा वळसा घेतलाय. लाज वाटली नाही.

दुसरं, शरद ऋतूत येणार असाल तर रानडुकरांच्या शिकारीचा हंगाम असतो. झाडीत शिरण्याआधी वाटेवरच्या पाट्या वाचा आणि भडक रंगाचे कपडे घाला.

तिसरं, पाऊस पडून गेला असेल तर सिएनाकडच्या चिकणमातीच्या टेकड्यांवर जाऊ नका. बूट किलो-किलोचे होतात. मराठवाड्याची काळी रानं ज्यांनी पावसात तुडवलीत त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि ती आपे! आपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. मोंताल्चिनो मधासाठीही प्रसिद्ध आहे, सप्टेंबरात तिथे मधाचा उत्सव भरतो. म्हणजे आईंची सवारी अगदी स्थळाला साजेशी झाली.

---

खवचट खविस

बारामतीत तयार होणाऱ्या गाडीत बसायला लोक इटलीला जातात. चालू द्या.

---

निफाडकर

आम्ही द्राक्षवाले, त्यामुळे मठ राहू द्या, बाग सांगा. ओळीतलं अंतर किती? मांडव आहे का वाय आकाराचा आधार? ठिबक दिसलं का? छाटणी कधी? जूनच्या सुरवातीला बाग कुठल्या अवस्थेत होती? आणि रोग?

---

पायपीट

निफाडकर काका, तुमच्यासारखेच प्रश्न आई विचारत होती, माझं आजोळ ओझरकडचं. जमेल तसं सांगते.

मांडव कुठेच नाही. सरळ तारांवर ओळी, वेल गुडघ्याच्या थोडी वर एका आडव्या हातावर बसवलेली आणि फुटी वर तारांत अडकवलेल्या. बहुतेक बाग फुलोऱ्यात होती. बाजरीच्या दाण्याएवढे हिरवे मणी, त्यावर पांढुरके केसर. जवळ गेलं तर अगदी हलका वास येतो. ओळीच्या सुरवातीला कुठे कुठे गुलाबाचं झुडूप. जमीन दगडाळ, हातात घेतली तर पाटीसारखे पापुद्रे सुटणारी.

रोगाचं म्हणाल, तर एका ठिकाणी पानांवर आणि लाकडी खांबांवर निळसर डाग होते. आईने पानाला बोट लावलं, डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाली, "मोरचूद." बागेवर फवारतात तो. तिच्या चेहऱ्यावर माहेर दिसलं.

---

अर्नोकाठी

उरलेलं मी सांगतो, मळेवाला शेजारी आहे.

निफाडकर, इथे तुमच्यासारखी खरड छाटणी आणि गोडी छाटणी असा दुहेरी प्रकार नाही. थंडीत वेल झोपते, तेव्हा एकदाच छाटणी. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. वाण एकच, सांजोवेझे. ब्रुनेल्लो म्हणायचं असेल तर शंभर टक्के तेच लागतं, दुसरं मिसळलं की नाव गेलं. नियमाने हेक्टरी जास्तीत जास्त आठ टन. पाणी फक्त वेल संकटात असेल तेव्हा, उत्पादन वाढवायला नाही.

डावणी (बुरशीचा रोग) मात्र तुमची-आमची एकच. २०२३ च्या पावसाळी मे-जूनमध्ये तिने इटलीभर बागा झोपवल्या. भुरीही आहे, त्यावर गंधक. औषधं बदलली, पण गंधक आणि बोर्डो मिश्रण अजून जागेवर आहेत.

---

निफाडकर

हेक्टरी आठ म्हणजे एकरी सव्वातीन टन! आमच्याकडे खायच्या द्राक्षाला एकरी दहा-बारा टन निघाले नाहीत तर बँकेचा माणूस बांधावर उभा. भाव काय मिळतो ते विचारत नाही, झोप उडेल. माल विकतात कधी?

---

अर्नोकाठी

काढणीच्या वर्षानंतर पाचव्या वर्षी, १ जानेवारीला. म्हणजे २०१९ ची द्राक्षं २०२४ उजाडल्यावर बाजारात. त्यातली किमान दोन वर्षं लाकडी पिंपात. मधल्या काळात घर चालायला रोस्सो नावाची धाकटी बहीण असते, ती पुढच्याच वर्षी विकता येते.

---

निफाडकर

पाच वर्षं. आमचा व्यापारी पाच दिवसांत माल आणि पैसे दोन्ही घेऊन गायब झालेला आहे. धन्य आहे.

---

बखरकार

कोणी सिएनाच्या प्रजासत्ताकाबद्दल लिहिलं नाही म्हणून. पायपीट यांनी किल्ल्याला एक ओळ दिली, ती अन्यायाची आहे! १५५५ साली वेढा पडून सिएना शहर पडलं, तेव्हा तिथली काही कुटुंबं हार न मानता या डोंगरावर आली आणि 'मोंताल्चिनोतलं सिएनाचं प्रजासत्ताक' म्हणून चार वर्षं कारभार चालवला. राजधानी पडली तरी राज्य चालू, जिंजीची आठवण होते. १५५९ च्या तहानंतर ते संपलं आणि सगळं फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे गेलं. त्याची जाण म्हणून सिएनाच्या प्रसिद्ध घोडशर्यतीआधीच्या मिरवणुकीत आजही मोंताल्चिनोच्या निशाणाला मानाची जागा आहे.

---

पायपीट

बखरकार, मान्य. तटावर चढलो होतो, पण वारा इतका की इतिहास सुचला नाही. तिथून स्वच्छ दिवशी पूर्वेला अमियाता डोंगर...

चुकले, दक्षिणेला. आई मागून सांगतेय.

---

मंजूताई

पायपीट, छान लिहिलंयस गं. आम्ही दोघं सप्टेंबरात जायचं म्हणतोय. ह्यांचं एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मी शाकाहारी, अंडंही नाही. दहा किलोमीटर झेपायचं नाही. काहीतरी सोपं सांग. आणि खायचं काय?

---

पायपीट

मंजूताई, तुमच्यासाठी बान्यो विन्योनी. गावाच्या चौकात फरसबंदी नाहीच, त्याजागी गरम पाण्याचं भलंमोठं दगडी तळं आहे. पन्नास मीटरच्या आसपास लांब, पहाटे त्यावर वाफ तरंगते. त्यात उतरायला बंदी आहे, पण तेच पाणी पुढे कड्यावरून जुन्या पाणचक्क्यांकडे वाहत जातं, तिथे दगडातल्या चरांत पाय सोडून बसता येतं. काकांच्या गुडघ्याला बरं वाटेल. वज्रेश्वरी आठवेल, फक्त नारळाची दुकानं नाहीत.

तिथून विन्योनीच्या वाडीवरून सान क्वीरिको पाच-सहा किलोमीटर. सुरवातीला चढ आहे, तो काकांनी टाळावा, उलट दिशेने आलात तर उतार मिळतो. पण ऑपरेशनच्या गुडघ्याला उतारच जास्त बोचतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा बरं माहीत.

ही वाट फ्रान्चिजेना यात्रामार्गाचा भाग आहे. ९९० साली कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक रोमहून परत जाताना मुक्काम लिहीत गेला, त्या यादीवरून हा मार्ग जुळवलाय. पाठीवर शिंपला लटकवलेले यात्रेकरू भेटतात. आईने पहिल्याला पाहून विचारलं, "यांची दिंडी कुठे आहे?" एकटाच होता बिचारा.

खाणं: 'पीची' म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, त्या 'आल्योने' नावाच्या मोठ्या लसणाच्या टोमॅटो रश्शात मागा. नुसतं पीची म्हणालात तर रानडुकराचा रस्सा येईल. 'रिबोल्लिता' म्हणजे शिळी पोळी... पाव, घेवडा आणि पालेभाजीचं दाट कालवण, आपल्या फोडणीच्या पोळीची मावसबहीण. मटणाचं पाणी घातलंय का ते विचारून घ्या. पाव मात्र अळणी असतो, तक्रार करू नका, तशीच पद्धत आहे. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद, थेट संध्याकाळी सातला उघडतं. आम्ही दशम्या नेल्या होत्या.

---

अर्नोकाठी

मंजूताई, पिएन्झाचं मेंढीचं चीज, पेकोरिनो, तुम्हाला सगळे आग्रहाने देतील. कडक शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, पारंपरिक चीज विरजायला वासराच्या किंवा कोकराच्या जठरातला पदार्थ वापरतात. वनस्पतीचं विरजण वापरलेलंही मिळतं, दुकानात विचारा.

या चीजमागची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. इथली शेती पिढ्यान्‌पिढ्या 'मेझ्झाद्रिया'वर चालायची. मेझ्झो म्हणजे अर्धं, थेट आपली अर्धेली. जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पीक निम्मं-निम्मं. युद्धानंतर पोरं कारखान्यांत गेली, १९६४ च्या कायद्याने नवे करार बंद झाले आणि टेकड्यांवरची दगडी घरं ओस पडली. मग सार्डिनिया बेटावरचे धनगर मेंढ्या घेऊन आले आणि ती पडीक रानं त्यांनी स्वस्तात घेतली. आज ज्याला 'अस्सल टस्कन' म्हणून विकतात त्या पेकोरिनोमागे बरेचदा त्यांची मुलं-नातवंडं असतात. फोटोत दिसतात ती सुरूच्या रांगेतली घरं आज पर्यटकांची. २००४ साली युनेस्कोने हा सगळा देखावा यादीत घेतला. कुळांच्या सुना पाणी कुठून आणत होत्या, ते त्या फोटोत येत नाही.

---

सह्यभटक्या

हा शेवटचा प्रतिसाद लेखापेक्षा आवडला. (पायपीट, हलके घ्या. दोन लिटरचं पटलं.)

---

माणगावकर

धाग्याशी थोडं अवांतर, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. शाळेत जाता-येता दिसायचा. जवळच्याच पळसगावचे. मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ ला इटलीत, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले. हे एकटे धावून गेले, हातबॉम्बने मशीनगनच्या मोर्चाचा बंदोबस्त केला, गोळ्या भरायला उसंत नव्हती तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. थडगं नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे.

त्याच खोऱ्यात मोंतोने म्हणून असंच तटबंदीचं, डोंगरमाथ्यावरचं गाव आहे, उंब्रियात. तिथे जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय. कोणी त्या बाजूला जाणार असेल तर फोटो टाकाल का? माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, त्यांना दाखवायचा आहे.

---

पायपीट

हे माहीत नव्हतं. आम्ही तिथून शंभरेक किलोमीटरवर होतो आणि आईने मोरचूद ओळखला याचंच कौतुक करत बसलो.

---

मंजूताई

(तीन महिन्यांनी) परत आलो. उशीर झाला लिहायला.

बान्यो विन्योनीला तीन रात्री राहिलो. हे रोज सकाळी चरात पाय सोडून बसायचे, चौथ्या दिवशी उठेनात. विन्योनीची वाट मी एकटीने केली, सव्वादोन तास. पीची नुसतं म्हणाले आणि रानडुक्कर आलं, ते ह्यांनी संपवलं. फेरियाले, फेस्तीवो, स्कोलास्तिको पाठ करून गेले होते, तरी एकदा चुकलेच, कारण बस दोन मिनिटं आधी गेली.

माणगावकर, मोंतोनेला गेलो. बस जुळेना, शेवटी आरेत्झोहून टॅक्सी केली, महाग पडली. गाव चढाचं आहे, हे खालीच बसले. मी पोचले तेव्हा ढग होते, घड्याळावर सावलीच नव्हती. चौकात कॉफी घेतली, पुन्हा गेले, तेव्हा ऊन होतं. फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले आहेत, सहा. त्यातल्या चौथ्यात माझा अंगठा आलाय, तो वडिलांना दाखवू नका.

---

माणगावकर

मिळाले. वडिलांनी अंगठ्याचाही पाहिला. विचारतायत, सावली कितीवर होती?